लांबट गोळी, गोल गोळी

बाजाराच्या दिवशी श्रीरामपुरातल्या औषध दुकानात दुपारी उभं राहायला जागा नसते. ओळखीच्या दुकानदाराच्या काउंटरमागे स्टुलावर बसून मी गिऱ्हाइकांचे हात पाहत होतो. कुणाच्या हातात चिठ्ठी, कुणाच्या पिशवीत जुनी रिकामी स्ट्रिप. "अश्शीच द्या."

टाकळीभानच्या आजोबांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव लिहिलं होतं. दुकानदाराने रक्तदाबाच्या गोळीच्या दोन स्ट्रिपा पुढे ठेवल्या. दोन्हींवर अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम. आजोबांनी स्वस्तातली उचलली, अंगठ्याने गोळीचा फुगवटा चाचपला.

"माझी लांबट व्हती. ही गोल हाये."

"औषध तेच आहे आजोबा, कंपनी वेगळी."

"मग स्वस्त कशी?"

या प्रश्नाला मी तरी अडाणी म्हणणार नाही. दुकानदारांच्या बोलीत दोन शब्द आहेत: 'एथिकल' म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, एमआर, डॉक्टरांकडे जाऊन खपवतो तो माल, आणि 'जेनेरिक' म्हणजे थेट दुकानात येणारा. पेटंट दोन्हींवर नाही. पण या दुसऱ्या मालावरही बऱ्याचदा भरमसाट किंमत छापलेली असते आणि सूट किती द्यायची ते दुकानदार ठरवतो. छापील किमतीच्या निम्म्यात गोळी मिळाली की माणसाला ती 'डुप्लिकेट' वाटणारच. 2008 साली सुरू झालेल्या सरकारच्या जनऔषधी योजनेत छापील किंमतच कमी असते, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

डॉक्टरांची धास्तीही खोटी नाही. फिट्सच्या किंवा थायरॉइडच्या गोळीची कंपनी दर महिन्याला बदलली तर रुग्णाचं बसलेलं गणित बिघडू शकतं. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मूळ नावानेच औषध लिहिण्याची सक्ती केली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, मग कंपनी दुकानदार निवडणार का? त्याच महिन्यात तो नियम स्थगित झाला. औषध उद्योगासाठी नेमलेल्या सरकारी हाथी समितीने ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने काढायला सांगितलं होतं ते 1975 साली! इकडे दुकानदाराचे हात बांधलेले. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल, तर शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या यादीतलं, तेच औषध दुसऱ्या नावाने देणं नियमात बसत नाही.

आजोबांनी गोल गोळीची एकच स्ट्रिप घेतली. "डाक्टरला दाखवून येतो."

चारच्या सुमाराला ते परत आले. स्ट्रिपच्या पाठीवर निळ्या पेनाने बरोबरची खूण होती. ती त्यांनी आधी दुकानदाराला दाखवली, मग मला.

"आणखी दोन द्या. ह्याच."