वाईनरी बघायला निघालात? आधी गाडी कोण चालवणार ते ठरवा

नाशिक : जानेवारी लागला की गंगापूर धरणाच्या रस्त्याला मुंबई-पुण्याच्या गाड्या दिसायला लागतात. गावाकडे पाहुणे आले तरी त्यांची फर्माईश तीच, "सुला दाखवा." जायला हरकत नाही, पण न ठरवता गेलं तर रांगेत उभं राहून आणि फोटो काढूनच परत यावं लागतं.

पहिली गोष्ट हंगामाची. वाईनच्या द्राक्षाची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. तेव्हा गेलात तर बागेत घड दिसतील आणि कारखान्यात माल येताना दिसेल. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, पण वेलीवर माल नसतो. २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत जायचं असेल तर त्या दिवशी ड्राय डे असतो हे लक्षात ठेवा. मतदानाच्या काळातही तेच. शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम, आणि फोन करून वेळ घ्याच. वय २१ च्या आत असेल तर वाईन मिळत नाही, म्हणून ओळखपत्र जवळ असू द्या.

एका दिवसात दोनच ठिकाणं करावीत. गंगापूर धरणाजवळ सुला, यॉर्क आणि सोमा जवळजवळ आहेत. इगतपुरीकडे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोन आहेत. दोन्ही बाजू एकाच दिवसात धरल्या तर सगळा वेळ रस्त्यातच जातो.

टेस्टिंग म्हणजे पेला भरून पिणं नव्हे. चार-पाच प्रकारच्या वाईन घोट-घोट देतात. आधी रंग बघायचा, पेला हलकासा फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा. नको वाटला तर थुंकायला भांडं मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तिथे तसंच करतात. पांढरीने सुरुवात करून लालकडे जायचं, कारण लालचा तुरटपणा जिभेवर राहतो. पांढऱ्या वाईनसाठी रस आधीच पिळून काढतात, लालमध्ये तो सालीसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा येतो तो सालीतून. तोंडात तंबाखू किंवा गुटखा असेल तर हे काहीच कळणार नाही. त्याच रस्त्याला मिसळीची नामी ठिकाणं आहेत, पण तर्री टेस्टिंगनंतर. आधी साधी पोळी-भाजी खाऊन घ्या, उपाशीपोटी मात्र जाऊ नका.

आता गाडीचं. "घोट-घोटच तर घेतली" असं म्हणून स्टेअरिंग धरणारे खूप. हिशोब बघा. तीस मिलीचे पाच घोट म्हणजे दीडशे मिली, म्हणजे पूर्ण एक पेला. वाईनमध्ये अल्कोहोल साधारण १२ ते १४ टक्के असतं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. अंगाने बारीक माणूस एवढ्यावरच मर्यादेच्या आसपास जातो, आणि दुसऱ्या वाईनरीत तर नक्कीच ओलांडतो. पहिल्यांदा सापडलात तर दहा हजारापर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मोटारसायकलवर दोघं-तिघं मिळून जाणं तर सोडूनच द्या. न पिणारा एक जण सोबत घ्या, नाहीतर भाड्याची गाडी करा. चौघांत भाडं वाटलं तर ते दंडापेक्षा स्वस्तच पडतं.

बागाईतदार गेला तर त्याने कारखान्यापेक्षा बाग जास्त बघावी. शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लांक यांचे मणी थॉमसनपेक्षा लहान, त्यात बिया असतात, त्यामुळे खायच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. म्हणून लागवड कराराशिवाय करू नये. २००९ च्या मंदीच्या सुमारास वाईनऱ्यांनी माल उचलणं कमी केलं, तेव्हा जिल्ह्यात अनेकांनी वाईनच्या बागा तोडल्या. मालाला गोडी किती ब्रिक्स लागते, भाव कशावर ठरतो, करार किती वर्षांचा असतो, पैसे किती दिवसांत मिळतात, एवढं जागेवरच विचारून घ्या. सांगणारा माणूस टेस्टिंगच्या काउंटरवर सापडेलच असं नाही, म्हणून शेतीविभागाच्या माणसाला भेटायचंय हे फोन करतानाच सांगा.

द्राक्षं पायाने तुडवायचा खेळ पोरांना आवडतो, पण तो खेळच आहे. खरा रस यंत्रावर निघतो.

बाटली विकत घेतली तर बंद गाडीत उन्हात ठेवू नका. दुपारभर तापली की चव बिघडते.