पुसात डोंगा कोठी चालते?

काही वर्षांपूर्वी मी एक कविता लिहिली. पौषातली थंडी, नदीवर धुके आणि नावेतच संसार मांडलेले एक कुटुंब. इंग्लंडातल्या नावांविषयी वाचून ती सुचली होती. नदी मात्र मी आपली पैनगंगा घेतली. दिग्रसला एका बैठकीत ती वाचली. नंतर एक वयस्क भोईकाका जवळ आले अन् म्हणाले, "भाई, पुसात डोंगा कोठी चालते जी? रेतीवर?"

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. तिकडे थंडीत चालणारी नाव इकडे का चालत नाही?

इंग्लंडात अठराव्या शतकात माल वाहण्यासाठी कालवे खोदले गेले. चढावर नाव न्यायची ती 'लॉक'मधून. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. तो भरला की नाव वर येते, रिकामा केला की खाली जाते. बऱ्याच ठिकाणी हे हौद सातच फूट रुंद ठेवले, म्हणून नावही तेवढीच रुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब झाली. नावाड्यांची कुटुंबे मागच्या दहा फुटी खोलीत राहत. आता मालवाहतूक जवळजवळ संपली. पण कोणी हौसेने, तर कोणी घरभाडे परवडत नाही म्हणून या नावांवर राहतात. कायमचा धक्का नसेल तर साधारण चौदा दिवसांत मुक्काम हलवावा लागतो. थंडीत शेगडीवर भागते, पण पाणी गोठले की नाव अडकते. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून होते.

म्हणजे तिथली हिवाळ्यातली अडचण बर्फाची. पाऊस बाराही महिने पडतो. शिवाय प्रत्येक लॉकमागे लाखभर लिटर पाणी उतारावर जाते, म्हणून कालव्यांसाठी वेगळे तलाव बांधलेले आहेत.

आपले उलटे. धावंडा, अरुणावती, पैनगंगा या पावसाच्या नद्या. श्रावणात दोन्ही थड्या भरून, पुसात मधोमध धार आणि बाकी रेती.

तरीही इकडे नावा आणायचा प्रयत्न झाला होता. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे आर्थर कॉटन यांना मध्य भारतातला कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी या वाटेने समुद्रापर्यंत न्यायचा होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्या कापसाला तरसल्या होत्या. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. तिसरा अहेरी तालुक्यातल्या देवलमरीचा. त्यांना बगल देणारे कालवे आणि लॉक यांचे काम सुरू झाले. पण कापूस घरात येतो थंडीत, आणि नदी उतरते तीही थंडीत! १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, कापसाला मुंबईची वाट मिळाली. १८७१ साली नावांचे काम सोडून दिले गेले.

थंडीत नाव चालवायची तर पाणी आधी कोणीतरी राखून ठेवावे लागते. आपणही राखतो. दिग्रसजवळ अरुणावतीचे धरण आहे. पण राखलेले पाणी आपण नावेला नाही, रब्बीच्या गहू-हरभऱ्याला देतो. ते बरोबरच आहे. कवीने त्यावर रुसू नये.

कवितेतली ओळ मी बदलली. आता तिच्यातला डोंगा रेतीवर उपडा पडला आहे, मृगाची वाट पाहत. भोईकाकांना ती ऐकवायची आहे.