नाकुरूचा गुलाबी काठ

केनियातल्या नाकुरू सरोवराचा गुलाबी काठ आम्हा कवींना उपमेसाठी फार सोयीचा. पण तो रंग मुळात पोटापाण्याचा आहे. तिथल्या क्षारयुक्त पाण्यात स्पिरुलिना हे सूक्ष्म शेवाळ वाढते. छोटा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी धरून ते गाळून खातो. त्यातल्या रंगद्रव्याने पिसे गुलाबी होतात. २०१० नंतर सरोवर फुगत गेले, उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वारही बुडाले. पाणी वाढले तसे क्षार विरळ झाले, शेवाळ घटले आणि थवे बोगोरिया सरोवराकडे वळले. नाकुरूला गेंडे आहेत, मासे टिपणारे पेलिकन आहेत. पण गुलाबी काठाची हमी कुणी देऊ नये. आपल्या ठाण्याच्या खाडीतला छोटा रोहित याच जातीचा. मात्र तो येतो गुजरातेकडून, आफ्रिकेतून नव्हे.