विषाणुजन्य अर्बुदे : एक खूण, अनेकांना संरक्षण

पेशींच्या पृष्ठभागावरील ज्या खुणा परक्या म्हणून ओळखून शरीराची प्रतिकारयंत्रणा सक्रिय होते, त्यांना ‘प्रतिजन’ म्हणतात. रसायनांमुळे उंदरांत निर्माण होणाऱ्या अर्बुदांवरील असे प्रतिजन बहुधा प्रत्येक अर्बुदागणिक भिन्न असतात. साहजिकच, एका अर्बुदाविरुद्ध लाभलेले संरक्षण दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडत नाही.

विषाणुजन्य अर्बुदांची गोष्ट वेगळी आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत कार्ल हेबेल यांनी, तसेच स्वीडनमध्ये हान्स ओलोफ शोग्रेन व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पॉलिओमा विषाणू आधी टोचलेले उंदीर त्या विषाणूमुळे झालेल्या अर्बुदपेशींचे रोपण परतवून लावतात. अर्बुदे निरनिराळ्या उंदरांतील असली, तरी प्रतिजन समान होता.

कारण समान असेल, तर प्रतिबंधही सामूहिक होऊ शकतो. मानवात हिपॅटायटिस-बी विषाणू यकृताच्या, तर एचपीव्ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरतो. त्यांवरील लसी अर्बुदावर हल्ला करीत नाहीत. त्या मूळ संसर्गच रोखतात. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये हिपॅटायटिस-बीची स्वदेशी लस बाजारात आणली. २०११ मध्ये या लसीकरणाचा देशभर विस्तार झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एचपीव्ही लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

लसीचा खर्च आज करावा लागतो. टळलेल्या कर्करोगाचा लाभ मात्र काही दशकांनी दिसतो. इतकी प्रतीक्षा गरीब कुटुंबाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. म्हणूनच हा भार सार्वजनिक निधीने उचलणे न्याय्य ठरते.