कारखान्याचें जिप्सम व त्यांतील रेडियम

गतवर्षीं उन्हाळ्यांत आमच्या वाशीम तालुक्यांतील एका गांवीं कांहीं शेतकऱ्यांनीं मिळून जिप्समचा एक ट्रक मागविला. माल स्वस्त, पांढरा व बारीक होता. ज्यानें त्यानें आपला वांटा शेताकडे नेला. उरलेला ढीग एका गृहस्थांनीं नव्या घराच्या जोत्यांत भराव म्हणून घालण्याचें योजिलें. प्रस्तुत लेखक सहज तेथें गेला होता. पावती पाहिली, तों तींत माल कोठला याचा उल्लेखच नव्हता. शंका बोलून दाखवितांच ते गृहस्थ म्हणाले, "भाऊसाहेब, फुकटची पांढरी माती आहे; घरांत दडपली तर बिघडलें कोठें?" उत्तर मजपाशीं तयार नव्हतें. महसूल खात्यांतील नोकरीनें कागद पाहिल्यावांचून शेरा न मारण्याची संवय लागलेली. म्हणून "आठ दिवस थांबा" एवढेंच सांगितलें. त्या आठ दिवसांत जें समजलें, तें शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहें.

जिप्सम दोन प्रकारचें असतें. एक खाणींतलें, आपल्याकडे तें मुख्यतः राजस्थानांतून येतें. दुसरें खतांच्या कारखान्यांत उरतें. त्यास फॉस्फोजिप्सम म्हणतात. स्फुरदयुक्त खडक दळून त्यावर गंधकाम्लाची क्रिया केली म्हणजे फॉस्फोरिक आम्ल निघतें व मागें जिप्सम राहतें. एक टन स्फुरदामागें असें सुमारें पांच टन जिप्सम उरतें. सिंगल सुपरफॉस्फेट करतांना हें जिप्सम वेगळें काढीत नाहींत. तें खताबरोबरच गोणींत येतें.

आतां या खडकांत निसर्गतःच थोडें युरेनियम असतें, व युरेनियमापासून कालांतरानें रेडियम होतें. आम्ल काढतांना युरेनियम बहुतांशीं आम्लांत जातें. रेडियम हें कॅल्शियमच्याच कुळांतलें असल्यामुळें तें बहुतेक जिप्समबरोबर खालीं बसतें. खनिजांतून हवा तो पदार्थ काढून घेतला म्हणजे उरलेला गाळ निरुपद्रवी झाला, ही समजूत फार जुनी व फार चुकीची आहे. बोहेमियांतील जोआखिम्स्थाल येथें युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला गाळच मादाम क्यूरी यांनीं मागविला होता. रेडियमचा शोध १८९८ सालीं लागला, व अशा कित्येक टन गाळांतून त्यांनीं १९०२ सालीं रेडियमच्या क्षाराचा ग्रॅमचा दहावा हिस्सा वेगळा केला. जगांतील पहिलें रेडियम टाकाऊ गाळांतूनच निघालें, हें विसरतां कामा नये.

या द्रव्याचा दुसरा गुण असा कीं तें जाळून, धुवून किंवा कुजवून नष्ट होत नाहीं. आपोआप निम्में होण्यास त्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा आपल्या वाशिमास राज्य करीत होती, तो काळ साधारण एवढाच जुना. त्या काळीं एखाद्या ठिकाणीं पडलेल्या रेडियमपैकीं निम्में आजही तेथें असतें. तेव्हां त्याची व्यवस्था म्हणजे त्याचा नाश नव्हे. तें किती आहे हें मोजणें, आणि माणसें जेथें राहतात, निजतात व पाणी पितात तेथून तें दूर ठेवणें, एवढेंच आपल्या हातीं आहे.

मग शेतांत जिप्सम टाकणें धोक्याचें काय? याचें उत्तर हिशेबानें द्यावें. किरणोत्सर्ग बेकेरेल या मापानें मोजतात. एका सेकंदास एक अणु फुटला तर एक बेकेरेल. जगांतील जमिनींत सरासरीनें किलोमागें सुमारें ३० बेकेरेल रेडियम असतें. आपली काळी जमीन ज्या बसाल्ट खडकापासून झाली, त्यांत युरेनियम ग्रॅनाइटपेक्षां कमी असतें. एका एकरांतील वरच्या सहा इंच मातीचें वजन सुमारें नऊ लाख किलो. जगाची सरासरी धरल्यास तींत दोन कोटी सत्तर लाख बेकेरेल मूळचेच असतात. जिप्सममध्यें किलोमागें १००० बेकेरेल धरले आणि एकरीं एक टन माल टाकला, तर दहा लाखांची भर पडते. म्हणजे मूळच्या सत्ताविसावा हिस्सा. एका वेळेपुरती ही भर भिण्याजोगी नाहीं. परंतु ती कमीही होत नाहीं. सत्तावीस वेळां टाकल्यास मूळचा आंकडा दुप्पट होतो. सातबाऱ्यावर चढलेला बोजा कर्ज फेडून उतरवितां येतो; हा बोजा नातवंडांच्या नांवेंही तसाच चालू राहतो.

घराची गोष्ट निराळी. रेडियमपासून रेडॉन नांवाचा वायु सतत निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. उघड्या रानांत तो वाऱ्यावर विरून जातो. बंद खोलींत तो सांचतो, श्वासावाटे छातींत जातो, आणि त्यापासून होणारे कण फुफ्फुसांत चिकटून राहतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९८८ सालीं रेडॉनची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली. शेतांत आपण दिवसाचे कांहीं तास असतों; घरांत तान्हें मूल अष्टौप्रहर असतें. जोत्यांत घातलेला भराव मागाहून काढावयाचा तर घरच पाडावें लागेल.

सरकारी नियमांतही हाच भेद दिसतो. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळानें २००९ सालीं काढलेल्या आदेशांत, शेतीसाठीं फॉस्फोजिप्सम विकण्यास मंडळाच्या परवानगीची आवश्यकता ठेविली नाहीं. बांधकामाच्या सामानासाठीं मात्र ग्रॅममागें एक बेकेरेल, म्हणजे किलोमागें १०००, ही रेडियमची मर्यादा घातली. माल त्याहून तीव्र असल्यास दुसरे पदार्थ मिसळून तो मर्यादेखालीं आणावा लागतो. ट्रॉम्बे येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सनें अशा जिप्समपासून भिंतींचे फलक करण्याचा कारखाना घातला. तें काम मोजमाप करून होण्यासारखें आहे. आपल्या अंगणांत मोजणारा कोण? अमेरिकेनें १९९२ सालीं शेतीसाठीं जी मर्यादा ठरविली, ती किलोमागें सुमारें ३७० बेकेरेल, म्हणजे बरीच कडक आहे.

कारखान्याच्या आवारांतील ढिगाचीही व्यवस्था असते. तळाशीं न झिरपणारा थर घालावा, निथळणारें आम्लयुक्त पाणी गोळा करून चुन्यानें शमवावें, वर माती घालून गवत वाढवावें आणि भोंवतालच्या विहिरींचें पाणी वरचेवर तपासावें, अशी ती रीत आहे. स्पेनमधील वेल्वा शहराजवळ टिंटो नदीच्या खाजणांत अशा मालाचे सुमारें दहा कोटी टनांचे ढीग सांचले. टाकणें २०१० सालीं बंद झालें, परंतु ढीग गेले नाहींत. ढीग कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे तो शेतकऱ्यास विकणें. तो मार्ग सर्वस्वीं वाईट नाहीं. मात्र ढिगाबरोबर जबाबदारीही आपल्या बांधावर येते, हें ओळखून माल घ्यावा.

करितां पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, माती परीक्षणावांचून जिप्सम घेऊं नये. सोडियम वाढून चोपण झालेल्या जमिनीस तें उपयोगी. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यास त्याची गरज असते, प्रत्येक काळ्या जमिनीस नव्हे. दुसरी, माल खाणीचा कीं कारखान्याचा हें विचारावें, व कारखान्याचा असल्यास रेडियमच्या तपासणीचा कागद मागावा. तिसरी, साठा विहिरीपासून दूर व झांकून ठेवावा. वारा नसतांना, नाकास फडकें बांधून माल पसरावा. चौथी, उरलेला माल जोत्यांत, गोठ्यांत, गिलाव्यांत किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागीं मुळींच घालूं नये. पांचवी, कोणत्या गटांत, कोणत्या तारखेस, किती वजन टाकलें याची वहींत नोंद ठेवावी. पुढील पिढीस ती नोंदच वाट दाखवील.

आठव्या दिवशीं हें सर्व त्या गृहस्थांस सांगितलें. त्यांनीं निमूटपणें ऐकून घेतलें व जोत्यांत मुरूम भरला. नाल्याकांठच्या त्यांच्या तुकड्याची माती तपासली, ती चोपण निघाली. उरलेला माल परीक्षणानें सांगितला तेवढाच तेथें पडला व वहींत नोंदला गेला. विकणाऱ्याकडून कागद मात्र अद्याप आलेला नाहीं. गांवकऱ्यांनीं आतां एवढें ठरविलें आहे कीं, पुढील ट्रक येईल तेव्हां आधीं कागद, मग पैसे.