करून दाखवा

त्र्यंबक नाक्याजवळचं सिव्हिल. बीपी-शुगरच्या खोलीत दिंडोरीकडचे एक बाबा स्टुलावर बसलेत, शेजारी पिशवी सांभाळत आजी. उपाशीपोटीची शुगर २६८. इन्सुलिन एक दिवस चुकलेलं नाही, असं आजी दोनदा सांगतात.

सिस्टर भलतंच विचारतात. "बाबा, चालता चालता चप्पल निसटली तर कळतं का?"

"हीच मागून वरडते."

एवढं ऐकून सिस्टर त्यांना पाय वर घ्यायला लावतात. डोळे मिटवून नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात. तो जेमतेम वाकेल एवढाच दाब, दहा ग्रॅमचा. पावलाच्या मध्यावर "हां" येतं. अंगठ्याखाली काहीच नाही. "बागेत अनवाणी जायचं नाही. रोज रात्री आजींनी तळवे बघायचे."

'समजलं का' विचारलं की मान हलतेच. म्हणून सिस्टर सिरिंज हातात देतात: "रोज कसं घेता, करून दाखवा." सिरिंज लाल टोपणाची, चाळीसची, बाटलीही चाळीसचीच, हे त्या आधी बघून घेतात. शंभरच्या बाटलीला ही लागली तर डोस अडीचपट जातो. बाबा बाटली खोकल्याच्या औषधासारखी खदखदा हलवतात. सिस्टर ती त्यांच्या तळहातांत धरून हलकेच घोळवायला लावतात. मग सुई बेंबीच्या डावीकडे जाते. तिथं चांगलं टेंगूळ आलंय.

"हितं दुखत नाय," बाबा खुशीत सांगतात.

दुखत नाही, आणि औषध धड लागतही नाही! सिस्टर गाठीभोवती पेनाने गोल काढतात. त्याच्या आत टोचायचं नाही. पोटाचे चार भाग, आठवड्याला एक, दर वेळी बोटभर जागा सोडून. मग केसपेपर घेऊन त्या डॉक्टरांना गाठतात, कारण चांगल्या जागेत तोच डोस जास्त लागू पडेल. येतात ते डोस थोडा उतरवून घेऊनच.

"आणि बाबा, खिशात साखरेची पुडी ठेवायची."

"आन साखर तर बंद म्हणता!"

"हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला, की तीन चमचे पाण्यातून. वर काहीतरी खायचं. आजी, आता तुम्ही सांगा, साखर कधी द्यायची?"

"चक्कर येऊन पडले की."

"पडायच्या आधी, आजी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ला फोन." सिस्टर स्टूल ओढून घेतात नि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतात.