शिवाजी पुलाची दोन टोकं

पावसाने जोर धरला की कोल्हापूरकर पाणी बघायला शिवाजी पुलावर जातो. राजाराम बंधाऱ्याचे आकडे मोबाईलवर मिळतात: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. पण कठड्यावरून स्वतः वाकून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

हा दगडी कमानींचा पूल 1870 च्या दशकात, संस्थानकाळात, पंचगंगेवर उभा राहिला. पन्हाळा, जोतिबा, शाहूवाडी, रत्नागिरी, सगळ्यांची वाट इथूनच. दुधाच्या गाड्या, उसाचे ट्रॅक्टर, चैत्रात जोतिबाला निघालेले यात्रेकरू, असा सारा भार या अरुंद पुलाने सोसला. कमानींनी महापूर पचवले. अडचण झाली ती दोन्ही टोकांना.

शहराकडच्या टोकाला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. 1945-46 मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. ब्रह्मपुरीतच सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. या गावाचा रोमन व्यापाराशी असलेला संबंध ती सांगते. टेकडी संरक्षित, आणि 2010 च्या कायदादुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करायला मनाई. जुन्या पुलाशेजारी उभ्या राहत असलेल्या पर्यायी पुलाचं बरंचसं काम उरकलेलं असताना 2015 च्या अखेरीस ते याच नियमावर अडलं.

लंडनने आपला जुना पूल 1968 मध्ये चक्क विकला. त्याचे दगड अ‍ॅरिझोनात नेऊन पुन्हा रचले गेले. कोल्हापूरला जुना पूल सोडता येईना आणि नवा पुरा करता येईना. आंदोलनं झाली. जानेवारी 2018 च्या सुरुवातीला कायदा बदलण्याचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, पण पुढे रखडलं. त्याच महिन्यात, 26 तारखेच्या रात्री, गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस कठडा तोडून नदीत कोसळली. 13 जण गेले. त्यानंतर मात्र कामाला गती आली आणि 2019 मध्ये नवा पूल वाहतुकीला खुला झाला.

पण त्याच वर्षी ऑगस्टात महापूर आला आणि दुसऱ्या टोकाने आपली आठवण करून दिली. नदीपलीकडे आंबेवाडी, प्रयाग चिखलीचा सखल भाग. पुराचं पाणी पात्र सोडून रस्त्यावर चढलं की ‘रेडेडोह फुटला’ अशी बातमी गावभर होते आणि पन्हाळ्याचा रस्ता बंद पडतो. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांवर गेलं. पूल शाबूत, पुढचा रस्ता मात्र पाण्यात.

कोल्हापुरात पुलाची चर्चा निघाली की ती खांब, कमानी आणि वयावर जाते. ब्रह्मपुरीचं घोडं कसंबसं गंगेत न्हालं. आता पैसा आणि बुद्धी लावायची ती पलीकडच्या रस्त्यावर: त्याची उंची, त्याखालच्या मोऱ्या, पुराच्या पाण्याला वाट. नुसता भराव टाकून रस्ता उचलला, तर अडलेलं पाणी चिखलीकरांच्या घरात शिरेल.